पिकअपचं ऑइल घरी बदलताना: दोन चकत्या आणि एक पट्टी

पिकअपचं इंजिन ऑइल घरी बदलणं अवघड नाही. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल वाहून जाऊ द्यायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. ज्याला सायकलचं चाक काढून परत बसवता येतं त्याला हे जमतं. तरीही घरी ऑइल बदलायला गेले आणि इंजिनच्या कामाला लागले, असे लोक भेटतात. त्यांच्या कहाण्या ऐकल्या की कळतं, चुका त्याच त्या दोन-तीन जागी होतात. ड्रेन बोल्टखालची धातूची चकती, फिल्टरच्या तोंडावरची रबरी चकती आणि ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक. इंजिनचं बरंवाईट या तिघांच्या हातात असतं. बाकी सगळी हमाली. म्हणून हमाली भरभर सांगतो आणि या तिघांपाशी जरा थांबतो.

ऑइल आत करतं काय

इंजिनमध्ये ऑइल ‘घर्षण कमी करतं’ हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते कसं, हे कळलं की पुढची निम्मी खबरदारी आपोआप पटते. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, बेअरिंगमध्ये फिरतो, पण नीट चालणाऱ्या इंजिनात तो बेअरिंगला टेकलेलाच नसतो. दोघांच्या मधली फट केसाच्या जाडीएवढी, किंवा त्याहूनही बारीक. पंप त्या फटीत ऑइल सोडतो. फिरणारा शाफ्ट ते ऑइल स्वतःबरोबर ओढत फटीच्या अरुंद बाजूला नेतो आणि तिथे ऑइलची पाचर तयार होते. त्या पाचरीवर शाफ्ट उचलला जातो आणि तरंगत फिरतो. धातू धातूला लागतो तो मुख्यतः इंजिन सुरू होताना आणि थांबताना, किंवा ऑइल कमी पडलं तर.

आता पिकअपकडे बघा. पाठीवर एक टन माल, मागे ट्रेलर, चढणीचा रस्ता, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा छोटा पंखा मिनिटाला १ लाखाच्या पुढे फेरे घेतोय. त्या पंख्याच्या दांड्यालाही हेच ऑइल तरंगवतं आणि थंडही ठेवतं. पुष्कळ डिझेल इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारलेली असते, नाहीतर पिस्टन तापून जाईल. म्हणजे वंगण घालणं हे ऑइलच्या कामांपैकी एक. उष्णता वाहून नेणं, काजळी आणि मळ अंगावर घेऊन फिरणं, गंज रोखणं, ज्वलनात तयार होणारं आम्ल मारणं ही बाकीची.

यातलं मळ अंगावर घेण्याचं काम नीट समजून घ्या, कारण त्यावरून एक जुना गैरसमज आहे: ऑइल काळं झालं म्हणजे वाया गेलं. तसं नाही. ऑइलमध्ये काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू न देणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. कण सुटे राहिले की ते ऑइलबरोबर फिरत राहतात आणि बदलताना बाहेर जातात. चिकटले की त्यांचा गाळ बनून वाहिन्यांमध्ये बसतो. डिझेल पिकअपमध्ये नवं ऑइल घालून पहिल्याच दिवशी पट्टी काढली तरी काळपट दिसू शकतं, कारण आत उरलेल्या जुन्या थेंबांतली काजळीच तेवढी असते. काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. मात्र ही रसायनं हळूहळू खर्ची पडतात, आणि ती किती उरली हे रंगावरून कळत नाही. म्हणून किलोमीटर आणि महिने मोजायचे.

किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. त्यात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. लोक पहिला वाचतात आणि पान उलटतात. ओझं ओढणं, धुळीचे रस्ते, कडाक्याची थंडी, गाडी उभी ठेवून तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं, रोज फक्त दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, हे सगळं कठीण वापरात येतं. छोट्या फेऱ्यांनी इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे आत जमलेलं पाणी आणि न जळलेलं इंधन उडून जात नाही, ऑइलमध्येच मुरतं. कमी चालणारी गाडी म्हणजे ऑइल चांगलं, हा हिशोब इथे उलटा पडतो. पिकअप ज्या कामासाठी घेतात ते काम पाहिलं तर बहुतेक पिकअप दुसऱ्याच आकड्यात बसतात, असं माझं मत आहे.

डब्यावरची अक्षरं

‘५ डब्ल्यू-३०’ हा दाटपणाचा सांकेतिक आकडा. एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने अशी वर्गवारी पहिल्यांदा १९११ साली केली, पुढे तिच्यात बरीच भर पडली. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ५ डब्ल्यूच्या ऑइलची परीक्षा उणे ३० अंश सेल्सिअसला घेतात, १० डब्ल्यूची उणे २५ ला, १५ डब्ल्यूची उणे २० ला. आकडा जितका लहान तितकं थंडीत ऑइल पातळ राहतं आणि इंजिन सुरू होताच लवकर वर पोचतं. मागचा ३० किंवा ४० हा आकडा तापलेल्या ऑइलचा. तो १०० अंशांवर मोजतात. ४० चं ऑइल गरम झाल्यावर ३० पेक्षा दाट असतं, एवढंच.

‘दाट घाला, इंजिन जपलं जाईल’ असा सल्ला देणारे खूप. इंजिन ज्या फटींसाठी आणि ज्या पंपासाठी बनलंय त्यांना मानवेल तेवढाच दाटपणा हवा. फार दाट ऑइल थंड इंजिनात उशिरा पोचतं, आणि झीज नेमकी तेव्हाच होत असते. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिले असतील तर हवामान आणि ओझं बघून त्यांतला निवडावा. त्याबाहेर जाऊ नये.

दाटपणाहून जास्त घोळ होतो तो दर्जाच्या अक्षरांत. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या खुणांमध्ये एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनांची, जसं २०२० मध्ये आलेलं एसपी. सीने सुरू होणारी डिझेलची, जसं २०१६ च्या अखेरीस आलेलं सीके-४. युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या एसीईए या संघटनेच्या खुणा वेगळ्या. डिझेल पिकअपच्या धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर ऑइल कमी राखेचं लागतं. कारण सरळ आहे. ऑइलमधल्या काही रसायनांत धातू असतात आणि ते जळले की राख उरते. डीपीएफ अडकलेली काजळी जाळून टाकू शकतो, राख मात्र जळत नाही. ती तिथेच साचते आणि शेवटी महागडा डीपीएफ बंद पाडते. चुकीच्या ऑइलचा फटका हजारो किलोमीटरनंतर बसतो, तेव्हा दोष ऑइलचा होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

किती लिटर लागणार हेही आधी बघून ठेवा. पिकअपमध्ये अंदाज फसतो. टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर डिझेलला फिल्टरसकट साधारण साडेसात लिटर लागतं, तर रॅमच्या कमिन्स ६.७ लिटर डिझेलला ११ लिटरच्या पुढे. छोट्या कारच्या सवयीने चार लिटरचा डबा घेऊन गाडीखाली शिरलात, तर इंजिन रिकामं करून तुम्ही दुकान शोधत बसाल. आणि खालचं घमेलं किंवा ट्रे तेवढंच ऑइल मावेल असं हवं. सात लिटर काळं ऑइल पाच लिटरच्या भांड्यात काही बसत नाही.

गाडीखाली जाण्याआधी

इथे मात्र एक अक्षर गाळू नका. पिकअप जमिनीपासून उंच असते, त्यामुळे पुष्कळदा ती उचलावीच लागत नाही. आडवं पडून सरपटत गेलं की हात पोचतो. पोचत असेल तर उचलूच नका. उचलायचीच असेल तर सपाट, कडक जमीन हवी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. वजन पेलणारे जॅक स्टँड चासीच्या दांड्याखाली लावा, गाडी त्यांच्यावर उतरवा, मग हाताने जोरात हलवून बघा. हललीच तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. विटा, सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. हँडब्रेक सहसा मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचललीत तर तो असून नसल्यासारखा.

इंजिन चारपाच मिनिटं चालवून कोमट करा. कोमट ऑइल भराभर वाहतं आणि तळाचा मळ घेऊन जातं. लांबून आलेल्या गाडीचं ऑइल लगेच काढायला जाऊ नका. ते ९०-१०० अंशांवर असतं आणि बोल्ट सुटताच कोपरापर्यंत ओघळतं. शेजारचा सायलेन्सरचा पाइपही तापलेला असतो. अर्धा तास थांबलं तर काही बिघडत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं असतात. एखाद्या डागाने काही होत नाही, पण वर्षानुवर्षं उघड्या हातांनी हे करू नये.

वरचं ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवा. हवा आत गेली की ऑइल गुळगुळ अडखळत न येता सलग वाहतं.

पहिली चकती

खाली पुष्कळ पिकअपना इंजिनचं पोट सांभाळणारा पत्रा असतो. त्यात कधी ऑइलसाठी खिडकी असते, नाहीतर चार-सहा बोल्ट काढून पत्राच उतरवावा लागतो. आता ड्रेन बोल्ट शोधायचा, आणि हा बोल्ट इंजिनचाच आहे याची खात्री करायची. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या पिकअपच्या पुढच्या भागात डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटीही असते आणि तिलाही तसाच बोल्ट असतो. मागे गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्स्फर केस, त्यांचे आणखी वेगळे. माझ्या एका मित्राने पहिल्या वेळी पुढच्या डिफरन्शियलचंच ऑइल काढलं. मी वर उभा होतो. खालून आवाज आला, “अरे, एवढंच निघालं! आणि वास कसला घाण येतोय!” तो वास गंधकाचा. गिअर ऑइलला तसा उग्र वास असतोच. वासाने त्याला वाचवलं. नाहीतर भरलेल्या इंजिनात वरून आणखी सात लिटर पडले असते आणि डिफरन्शियल कोरडं धावलं असतं. इंजिनचा बोल्ट ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी असतो आणि चेंबर थेट इंजिनाच्या ठोकळ्याला जोडलेलं असतं. हाताने वरपर्यंत चाचपत जा.

पाना नीट बसणारा घ्या, शक्यतो सहा कडांचा सॉकेट किंवा रिंग पाना. सैल पान्याने बोल्टच्या कडा गोल होतात आणि मग तो कशालाच दाद देत नाही. दिशेचा घोळ आडवं पडल्यावर हमखास होतो. बोल्टच्या डोक्याकडे सरळ तोंड करून बघा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. तुम्ही उताणे असा की पालथे, त्याने फरक पडत नाही. पान्याने सैल केल्यावर शेवटचे आटे बोटांनी सोडवा, बोल्ट आत दाबून धरत. सुटला असं वाटलं की झटकन हात बाजूला. पहिली धार सरळ खाली येत नाही, लांब फेकली जाते. ट्रे त्या बाजूला सरकवून ठेवा. धार बारीक होत जाते तशी मागे येते, ट्रेही तिच्यामागे आणावा लागतो.

ऑइल ठिबकत असताना बोल्ट पुसून बघा. लोहचुंबक असलेला असेल तर टोकाला करड्या मऊ लेपासारखं काही चिकटलेलं दिसेल. ती रोजची बारीक झीज, तिचं काही नाही. बोटांना टोचणारे चमकदार तुकडे असतील तर आत काहीतरी तुटतंय. बाहेर आलेलं ऑइल दुधट, फेसाळ असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, मिसळलंय. अशा वेळी नवं ऑइल ओतून काही साधत नाही, आधी कारण शोधा.

बोल्टखालची चकती तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा रबर चिकटवलेली असते. तिचं काम दबून बसण्याचं. बोल्ट आवळला की मऊ धातू चेपून बारीकसारीक खाचा भरून काढतो आणि ऑइल अडतं. एकदा चेपलेली चकती दुसऱ्यांदा तशी चेपत नाही, म्हणून दर वेळी नवी. जुनी पुन्हा वापरली की थेंब थेंब गळतं. मग माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि तिथेच खरं नुकसान होतं. चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. जास्त आवळला की आटे जातात ते चेंबरचे. एक चकती वाचवायला जाऊन चेंबर बदलायची पाळी येते. जुनी चकती कधी कधी चेंबरलाच चिकटून राहते. नखाने काढून टाका, दोन एकावर एक बसू देऊ नका.

बोल्ट नेहमी आधी बोटांनी लावा. दोन-तीन फेरे मऊपणे आत गेला पाहिजे. अडखळला तर काढून पुन्हा लावा, पान्याने रेटू नका. मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, मॅन्युअलमधल्या आकड्याला लावून आवळा. पुष्कळ पिकअपमध्ये तो ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १४ किलो वजन टांगल्याइतका जोर. दोन्ही हातांनी, पाय रोवून, दात खाऊन आवळला तर याच्या तिप्पट सहज होतो.

दुसरी चकती, आणि माझी फजिती

पहिल्या वेळी मी सगळं नीट केलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. जुना फिल्टर काढला, नवा लावला, ऑइल ओतलं, इंजिन सुरू केलं. चार-पाच सेकंद सगळं ठीक. मग गाडीखालून पाण्याचा नळ फुटल्यासारखा आवाज आला. वाकून बघतो तर फिल्टरच्या कडेने पंख्यासारखा फवारा, आणि नवंकोरं ऑइल जमिनीवर पसरत चाललेलं. चावी फिरवून इंजिन बंद करेपर्यंत दोन-अडीच लिटर गेलं होतं. फिल्टर परत काढला, तर त्याच्या रबरी चकतीला आणखी एक रबरी चकती चिकटलेली. जुन्या फिल्टरची. ती इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली होती आणि मी नवा फिल्टर तिच्यावरच आवळला होता. आवळताना अगदी घट्ट बसल्यासारखा वाटला होता.

असं का होतं ते सांगतो. नवी चकती फिल्टरच्या खाचेत बसते, तिला हलायला जागा नसते. पण तिच्या आणि इंजिनच्या मध्ये दुसरी चकती आली, तर त्या दुसरीला धरून ठेवणारी खाच कुठेच नाही. पंपाचा दाब आला की ती बाहेर सरकते. थंड इंजिन सुरू झाल्यावर दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून गळती पहिल्या काही सेकंदांतच होते. त्या दिवसापासून जुना फिल्टर निघाला की आधी त्याच्या तोंडाकडे बघतो: चकती त्याच्यावर आहे का? नसेल तर ती वर आहे. मग इंजिनाची बाजू फडक्याने पुसायची आणि बोट गोल फिरवून बघायचं. नुसतं डोळ्याने नाही. काळ्या ऑइलने माखलेली काळी चकती दिसत नाही, बोटाला लागते.

फिल्टर हाताने निघत नसेल तर पट्ट्याचा किंवा वाटीसारखा पाना वापरा. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा उपाय बऱ्याच जणांना आवडतो. पत्रा फाटतो, फिल्टरचं बूड तिथेच राहतं आणि ते काढायला मग खरंच मेकॅनिक लागतो.

नवा फिल्टर हातात आहेच तर त्याचं तोंड नीट बघा. मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि त्याभोवती लहान भोकांचं कडं. ऑइल लहान भोकांतून आत जातं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परततं. म्हणजे मधलं भोक स्वच्छ बाजूचं. लहान भोकांमागे रबराचा पातळ पडदा असतो. तो इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू देत नाही, त्यामुळे सकाळी सुरू करताना फिल्टर भरलेलाच असतो. शिवाय पुष्कळ फिल्टरांत एक स्प्रिंगची झडप असते. कागद चोंदला किंवा ऑइल थंडीने फार दाट झालं तर ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण इंजिनाला मळकं ऑइल परवडतं, अजिबात नसणं परवडत नाही. फिल्टर न बदलता नुसतं ऑइल बदलणाऱ्यांच्या इंजिनात ही झडप कधी उघडी राहू लागली ते कळतही नाही.

फिल्टर तोंड वर करून बसणार असेल तर आधी थोडं नवं ऑइल लहान भोकांतून ओतून ठेवता येतं. त्यामुळे सुरुवातीचे कोरडे सेकंद कमी होतात. रबरी चकतीला बोटाने ऑइलचा हात फिरवाच. कोरडं रबर आवळताना धातूला धरतं, गोळा होतं आणि सुटताना तिथेच चिकटून राहतं. माझ्या जुन्या फिल्टरचं बहुधा हेच झालं असावं. मग हाताने फिरवत न्या. चकती टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा. नेमका आकडा फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. पाना लावायचा तो काढताना, बसवताना नाही.

काही पिकअपमध्ये पूर्ण फिल्टर नसतो, फक्त कागदाची नळी असते आणि ती प्लास्टिकच्या झाकणात बसते. तिथे चकतीच्या जागी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी असते, आणि ती नेमकी तिच्याच खाचेत बसायला हवी. जुनी कुठे होती ते काढताना बघून ठेवा, किंवा फोनवर फोटो काढा. झाकणावर आवळायचा आकडाही कोरलेला सापडतो. प्लास्टिक आहे, त्या आकड्याच्या पुढे गेलं की तडकतं.

पट्टी

आता वरून भरायचं. त्याआधी एकदा मोठ्याने म्हणा: बोल्ट लावला, फिल्टर लावला. हसू येईल, पण ओतलेलं ऑइल सरळ ट्रेमध्ये पडताना पाहिलेले लोक आहेत.

मॅन्युअलमध्ये साडेसात लिटर लिहिलं असलं तरी सगळं एकदम ओतू नका. थोडं जुनं ऑइल आत कुठेकुठे राहिलेलंच असतं. नरसाळं लावून आधी साडेसहा-पावणेसात ओता, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा. किमान आणि कमाल खुणांमध्ये असेल तर झाकण लावून इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. रिकामा फिल्टर भरेपर्यंत तो नेहमीपेक्षा किंचित जास्त रेंगाळतो. विझलाच नाही तर लगेच बंद. विझला की अर्धा-एक मिनिट चालू देऊन टॉर्चने बोल्ट आणि फिल्टरची कड बघा. मग बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर पुन्हा पट्टी. बहुतेक वेळा थोडी उतरलेली दिसते, कारण फिल्टरने आपला वाटा घेतला. आता थोडं थोडं घालत कमाल खुणेजवळ आणा.

पट्टी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा निघते तिच्यावर नळीतलं ओघळलेलं ऑइल असतं, ते खोटं बोलतं. दोन्ही बाजू बघा आणि जिच्यावर ऑइल कमी दिसतं ती खरी धरा. दोन खुणांमधलं अंतर पुष्कळ इंजिनांत एक लिटरच्या आसपास असतं, त्यावरून किती घालायचं ते कळतं.

कमाल खुणेच्या वर गेलं तर ‘जास्त आहे, बरंच आहे’ असं म्हणून सोडू नका. क्रँकशाफ्टवरची जड वजनं त्यात आपटायला लागली की ऑइल घुसळलं जातं आणि त्याचा फेस होतो. फेसात हवा असते, आणि हवेची पाचर शाफ्टला उचलू शकत नाही. सीलमधून गळती सुरू होते ती वेगळीच. खूण बरीच ओलांडली असेल तर खालचा बोल्ट किंचित सैल करून जास्तीचं काढा.

डीपीएफ असलेल्या डिझेल पिकअपमध्ये एक विचित्र गोष्ट दिसते. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी महिन्यागणिक वाढतं. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. ते पूर्ण जाळण्याआधीच गाडी बंद केली, आणि असं वारंवार झालं, तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पट्टी कमालच्या वर जाते, ऑइल पातळ होतं. पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर व्हायची वाट न बघता ऑइल बदला.

डॅशबोर्डवरची ऑइलची आठवण शून्यावर आणून ठेवा, ती आपोआप होत नाही. तारीख आणि किलोमीटर मी नव्या फिल्टरच्या अंगावरच मार्करने लिहितो. वही हरवते, फिल्टर कुठे जात नाही.

ट्रेमधलं काळं पाणी

जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर ट्रेवर ठेवला की त्यातलंही बरंच ऑइल निथळतं. सगळं झाकणाच्या घट्ट कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल काहीही मिसळू नका. भेसळ झालेलं ऑइल पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं आणि ते परत पाठवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबाने एका वेळच्या बदलाचं ऑइल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. तीच संस्था सांगते की ४२ गॅलन कच्च्या तेलातून जेवढं वंगण निघतं, तेवढंच १ गॅलन वापरलेल्या ऑइलमधून परत मिळवता येतं. ऑइल जळून संपत नाही, मळतं. म्हणून त्याला दुसरा जन्म मिळू शकतो.

गाडी लावाल तिथे त्या रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर तो बोल्टखाली आहे की फिल्टरखाली, तेही जागेवरून कळतं. पत्र्यावर सांडलेले चुकार थेंब पहिल्या रात्री पडतात, म्हणून दुसऱ्या रात्री पुठ्ठा उलटा करून पुन्हा ठेवायचा. कोरडा राहिला तर टाकू नका. पुढच्या वेळी गाडीखाली शिरताना पाठीखाली घ्यायला तोच होईल.